नदीत खून झाला तर हद्द कुणाची? मेकाँगची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

तालुक्याच्या ठिकाणी क्राइमच्या बातम्या करणाऱ्या कुठल्याही पत्रकाराला एक प्रसंग पाठ असतो. नदीत प्रेत दिसतं. अलीकडच्या काठावर एका ठाण्याची हद्द, पलीकडे दुसऱ्याची. दोन्हीकडचे पोलीस येतात. पहिला प्रश्न "कोण गेलं?" हा नसतो. "हद्द कुणाची?" हा असतो. डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो तेव्हा असा पंचनामा मी अर्धा दिवस काठावर बसून पाहिलाय. प्रेत तेवढा वेळ पाण्यातच. शेवटी ओढून आणलं ते मासेमारी करणाऱ्यांनी. त्यांना हद्द नव्हती.

आपल्याकडे निदान दोन्ही ठाण्यांचा कायदा एक, सरकार एक. आता कल्पना करा, नदी एक आणि देश चार. मेलेले एका देशाचे, मारणारा दुसऱ्या देशाचा, बोटी सापडल्या तिसऱ्या देशात आणि आरोपी पकडला गेला चौथ्या देशात. हे घडलंय. मेकाँग नदीवर, ५ ऑक्टोबर २०११ रोजी.

त्या दिवशी 'हुआ पिंग' आणि 'यू शिंग ८' ही दोन चिनी मालवाहू जहाजं नदीतून खाली थायलंडच्या च्यांग सेन बंदराकडे येत होती. जागा 'गोल्डन ट्रँगल'ची. म्यानमार, लाओस आणि थायलंड जिथे एकमेकांना भेटतात तो नदीचा पट्टा. अफूसाठी आणि नंतर मेथच्या गोळ्यांसाठी जगभर बदनाम. थाई सैनिकांनी जहाजं ताब्यात घेतली आणि त्यात नऊ लाखांच्या वर गोळ्या सापडल्याचं जाहीर केलं. चकमक झाली, अंमली पदार्थ पकडले, अशी बातमी झाली.

मग पुढच्या काही दिवसांत नदीनं प्रेतं वर आणायला सुरुवात केली. एक, दोन, करत करत तेरा. दोन्ही जहाजांवरचे सगळे खलाशी. काहींचे हात बांधलेले, डोळ्यांवर पट्ट्या. चकमकीत मेलेल्या माणसाचे हात बांधलेले नसतात, हे समजायला पोलीस असावं लागत नाही.

चीनमध्ये लोक खवळले. सरकारनं नदीवरची आपली मालवाहतूकच थांबवली. महिनाअखेरीस थायलंडमध्ये नऊ सैनिकांवर संशयित म्हणून ठपका आला. ३१ ऑक्टोबरला चारही देशांचे अधिकारी बीजिंगमध्ये बसले आणि संयुक्त गस्तीचा निर्णय झाला. १० डिसेंबर २०११ ला पहिली गस्त निघालीसुद्धा. घटनेपासून मोजा, सव्वादोन महिने. आंतरराष्ट्रीय करारांची चाल ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा हा वेग काय आहे ते.

इथपर्यंत वाचून वाटेल, वा! पोलीस सहकार्य असावं तर असं. पण मित्रहो, इतिहास जरा मागून पाहायला लागतो.

मेकाँग चार हजार किलोमीटरहून लांब. चीनमधून निघते (तिथे तिला लानछांग म्हणतात), म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया करत व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते. काठावरच्या माणसांसाठी ही नदी कधीच सीमा नव्हती. दोन्ही काठांवर तीच भाषा, तेच सण, इकडची सोयरीक तिकडे. सीमा केली ती परक्यांनी. १८९३ मध्ये फ्रान्सनं बँकॉकपुढे युद्धनौका उभ्या करून सयामकडून, म्हणजे आजच्या थायलंडकडून, नदीचा डावा काठ आणि बेटं लिहून घेतली. १८९६ मध्ये इंग्लंड-फ्रान्सनं आपसांत ठरवलं की वरच्या पट्ट्यात ब्रह्मदेश आणि लाओस यांच्यामध्ये मेकाँग हीच हद्द.

१८९३ च्या त्या तहातलं एक कलम आजच्या विषयासाठी फार महत्त्वाचं. सयामनं मेकाँगवर सशस्त्र बोटी ठेवायच्या नाहीत आणि आपल्या काठापासून २५ किलोमीटरच्या आत लष्करी ठाणी बांधायची नाहीत. थोडक्यात, नदीच्या सुरक्षेचा पहिला करार झाला तेव्हाच ठरलं की बंदूक कुणाच्या हातात असेल. ज्याच्या नौका मोठ्या, त्याच्या. कोण वाचेल, कोण मरेल, हा मुद्दाच नव्हता.

फ्रेंच गेले, इंग्रज गेले, हद्दी राहिल्या. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट जिंकले तेव्हा हरलेल्या राष्ट्रवादी फौजेच्या काही तुकड्या ब्रह्मदेशच्या शान डोंगरात घुसल्या. पैशांसाठी त्यांनी अफूचा धंदा वाढवला. पुढे खुन सा नावाचा सरदार उभा राहिला, स्वतःची फौज बाळगणारा. जानेवारी १९९६ मध्ये तो म्यानमार सरकारला शरण आला, फौज फुटली. पण बंदुका आणि धंद्याची सवय शरण येत नसते. त्याच फौजेतून आलेला एक माणूस नॉ खाम. त्यानं नदीवर बस्तान बसवलं.

आता व्यापार बघा. एप्रिल २००० मध्ये चीन, म्यानमार, लाओस आणि थायलंड यांनी नदीतल्या मालवाहतुकीचा करार केला. जहाजं मोकळी जावीत म्हणून पुढे पात्रातले खडकही सुरुंग लावून फोडले. वाहतूक वाढली. म्हणजे जहाजांसाठी नदी एक झाली. पोलिसांसाठी मात्र ती चारच राहिली. हा जो फट राहिली ना, त्यात नॉ खाम बसला. जहाजांकडून खंडणी, नाही दिली तर लूट. एका देशाचे पोलीस आले की दुसऱ्या काठाला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच्या टोळीनं चिनी पोलिसांच्या गस्ती बोटीवर गोळीबार केला, तीन अधिकारी जखमी झाले. तरी तीन वर्षं काही हललं नाही. तेरा प्रेतं तरंगली तेव्हाच हललं.

शोध मात्र चीननं जीव तोडून घेतला. चिनी अंमली पदार्थविरोधी विभागाचे प्रमुख ल्यू युएजिन यांनी नंतर स्वतःच सांगितलं, की स्फोटकं लादलेलं ड्रोन पाठवून नॉ खामला उडवायचा विचारही झाला होता. मग जिवंत पकडायचं ठरलं. २५ एप्रिल २०१२ रोजी लाओसच्या बोकेओ प्रांतात लाओ पोलिसांनी त्याला पकडलं. मे महिन्यात लाओसनं त्याला चीनच्या हवाली केलं.

खटला चीनच्या कुनमिंग शहरात चालला. जहाजं चिनी, मेलेले चिनी, म्हणून आमचा अधिकार, हा चीनचा युक्तिवाद. नोव्हेंबर २०१२ मध्ये निकाल लागला. नॉ खाम आणि तीन साथीदारांना मृत्युदंड. चौघांत म्यानमारचा, थायलंडचा, लाओसचा आणि एक कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला. १ मार्च २०१३ ला विषारी इंजेक्शन देऊन शिक्षा अंमलात आली. त्याआधी त्यांना तुरुंगातून बाहेर काढताना सरकारी टीव्हीनं थेट दाखवलं. प्रत्यक्ष मृत्यू दाखवला नाही, पण हा तमाशा कशाला, असं चीनमधल्याच लोकांनी विचारलं.

आणि ते नऊ थाई सैनिक? कुनमिंगच्या कोर्टानं म्हटलं की टोळीनं थाई सैनिकांशी संगनमत केलं होतं. पण सैनिक थायलंडचे. त्या कोर्टापुढे ते कधी उभे राहिले नाहीत. ज्यांच्या मागे देश नव्हता ते चौघे गेले. ज्यांच्या अंगावर गणवेश होता त्यांच्यापर्यंत संयुक्त सहकार्य पोचलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं सार या दोन वाक्यांत आहे.

आता कुणी म्हणेल, मग काय करायचं? नदीवर चार देश असले की एवढंच शक्य आहे. तसं नाहीये. दुसरं एक उदाहरण आहे आणि ते दोनशे वर्षं जुनं आहे. युरोपातली ऱ्हाइन नदी.

नेपोलियनची युद्धं संपल्यावर १८१५ मध्ये व्हिएन्नात सगळे राजे-मंत्री जमले. तिथे ठरलं की ऱ्हाइनवरच्या जहाज वाहतुकीसाठी काठावरच्या राज्यांचा मिळून एक मध्यवर्ती आयोग असेल. तो आयोग आजही आहे, स्ट्रासबर्गमध्ये. १८६८ चा मानहाइम करार आजही लागू आहे. या करारानं नदीवर वाहतुकीचे नियम सगळ्यांना सारखे केलेच, शिवाय ऱ्हाइनसाठी खास न्यायालयं नेमली. नदीवरच्या वाहतुकीत नियम मोडला, टक्कर झाली, तर कुठे जायचं हे खलाशाला ठाऊक. निकाल पटला नाही तर आयोगाकडे अपील करायची सोय. म्हणजे समोरच्या देशाच्याच न्यायाधीशावर विसंबून राहायला नको.

लक्षात घ्या, हे देश एकमेकांचे गळाभेटीवाले मित्र नव्हते. करार झाल्यावर दोनच वर्षांत फ्रान्स आणि प्रशिया लढले. नंतर दोन महायुद्धं झाली. तरी चौकट टिकली. आणि आज ऱ्हाइनच्या काठी केल या जर्मन गावात फ्रेंच आणि जर्मन जलपोलीस एकाच ठाण्यातून काम करतात, एकत्र गस्त घालतात. ठाणं एक झालं, पण कधी? आधी नियम एक झाले, मग कोर्टाची सोय झाली, आणि सगळ्यात शेवटी पोलिसांची बोट आली.

मेकाँगवर उलटं झालं. बोट आधी आली. दर महिन्याच्या आसपास गस्त, डिसेंबर २०२० मध्ये शंभरावी झाली. २०१७ च्या अखेरीस संयुक्त केंद्र झालं, तेही चीनमध्ये, कुनमिंगलाच. पण नदीचं स्वतःचं कोर्ट नाही. काठावरच्या कोळ्यानं गस्तीविरुद्ध तक्रार करायची तर कुठे, याचं उत्तर नाही.

गस्तीचा उपयोग झालाच नाही असं मी म्हणत नाही. जहाजांवरचे तसले हल्ले थांबले. खलाशी घरी परत जायला लागले, आणि तेरा घरांची अवस्था आठवली तर ही लहान गोष्ट नाही. पण नशेचा माल थांबला का? २७ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याच बोकेओ प्रांतात लाओ पोलिसांनी एक ट्रक अडवला. बिअरच्या क्रेटमध्ये साडेपाच कोटींहून जास्त मेथच्या गोळ्या. आशियात एका वेळी पकडलेला तोवरचा सर्वांत मोठा साठा. त्या वर्षी पूर्व आणि आग्नेय आशियात मिळून पकडलेल्या गोळ्यांचा आकडा पहिल्यांदाच शंभर कोटींवर गेला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. माल नदीवरून रस्त्यावर आला, एवढंच.

आणि आता आपल्याशी संबंध. याच बोकेओ प्रांतात, मेकाँगच्या काठावर, 'गोल्डन ट्रँगल स्पेशल इकॉनॉमिक झोन' आहे. कॅसिनो, हॉटेलं, झगमगाट. तिथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांमधून ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या दूतावासानं ४७ भारतीय तरुणांची सुटका केली. नोकरीचं आमिष दाखवून नेलेली, तिथे लोकांना फोनवरून, चॅटवरून लुबाडायला बसवलेली पोरं. तुमच्या-माझ्या गावात 'डिजिटल अरेस्ट'चे फोन येतात ना, त्यातल्या काहींचं मूळ अशाच अड्ड्यांत असतं. त्या काठासमोरचं पाणी चार देशांच्या गस्तीचं. पण गस्त पाण्यावरच्या मालाची. काठावर कोंडलेली माणसं तिच्या हद्दीत येत नव्हती.

म्हणून जेव्हा जेव्हा 'संयुक्त गस्त', 'संयुक्त केंद्र', 'सीमापार सहकार्य' अशी बातमी येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. बोट कुणाची? कोर्ट कुणाचं? आणि तक्रार करायची झाली तर काठावरचा साधा माणूस जाणार कुठे? पहिल्याचं उत्तर बातमीत असतं. बाकीच्या दोघांचं नसतं, ते आपण पत्रकारांनी शोधायचं असतं.

माझ्या त्या जुन्या पंचनाम्यात शेवटी काय झालं? दोन्ही ठाण्यांनी तिथेच बसून हद्दीचा नकाशा काढला, बोट ठेवून वाद घातला, आणि एका ठाण्यानं गुन्हा घेतला. रागारागानं का होईना, घेतला. मेलेल्याच्या बायकोला निदान कळलं की कोणत्या दारात उभं राहायचं.

मेकाँगच्या काठावरच्या बायकोला ते दार अजून कुणी दाखवलेलं नाही.

तुमच्या भागात नदी ही हद्द असेल तर तुमचे अनुभव खाली लिहा. वाचतोय.