बालवीरांची खरी कमाई

तरुणांचे एखादे पथक उभारावयाचे म्हटले म्हणजे उत्साहाची वाण सहसा पडत नाही. वाण पडते ती पैशाची. गणवेश, तंबू, दोर, कंदील, शिबिरातील शिधा, या साऱ्यांची तरतूद कोठून व्हावी? सरकारी अनुदानाचा अर्ज आणि धनिकांची देणगी हे दोन मार्ग चटकन सुचतात. श्रोतेहो, सातारा व सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे तिसरेही एक उत्तर सापडते.

बालवीर चळवळीचा आरंभ 1907 साली इंग्लंडातील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी भरविलेल्या शिबिराने झाला. काटकसर हा त्यांनी बालवीराच्या नियमांपैकी एक नियम ठरविला. हिंदुस्थानात ही चळवळ 1909 च्या सुमारास आली. परंतु आरंभी तिची दारे हिंदी मुलांना बंद होती. तेव्हा 1916 साली ॲनी बेझंट यांनी मद्रासेकडे, आणि पुढे पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या द्वारे उत्तरेकडे, स्वतंत्र पथके उभारली. 1950 साली या निरनिराळ्या शाखा एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली.

इंग्लंडातील बालवीरांनी 1949 साली निधीसाठी एक नवी प्रथा पाडली. घरोघर जाऊन लहानसे काम करावयाचे आणि त्याबद्दल एक शिलिंग घ्यावयाचा. आपल्याकडे हीच प्रथा ‘खरी कमाई’ या नावाने शाळाशाळांतून रूढ झाली. अंगण झाडावे, बागेला पाणी घालावे, सायकल पुसावी आणि मिळालेले नाणे पथकाच्या निधीत टाकावे. त्या नाण्यामागे मुलाचा घाम असतो, म्हणूनच ती कमाई खरी.

परंतु हे तत्त्व कृष्णाकाठी खाकी गणवेशाच्या कितीतरी आधी रुजलेले होते. भाऊराव पाटील यांनी सहकाऱ्यांसह 1910 च्या सुमारास आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दुधगावी विद्यार्थी आश्रम काढला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि 1924 साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवीत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

या मुलांचा खर्च चालला कसा? ‘मुष्टिफंड’ हा त्यातला मोठा आधार होता. दळण घालताना गृहिणीने मूठभर धान्य बाजूस काढावयाचे, आणि ते साठले म्हणजे वसतिगृहास द्यावयाचे. ज्या घरी रुपया देण्याची ऐपत नव्हती, त्या घरालाही या मुठीने दात्याचा मान मिळाला. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, पडेल ते अंगमेहनतीचे काम करीत. तरीही धान्य संपण्याचे प्रसंग येतच. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून आपले दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. 1930 साली त्या निवर्तल्या.

येथे अनुदानाचा तिटकारा होता, असे मात्र कोणी समजू नये. संस्था वाढली तसे सरकारी साहाय्यही तिने घेतले. परंतु 1948 साली मुंबई सरकारने मतभेदातून ते थांबविले, तेव्हा खरी कसोटी लागली. शाळांवर अवलंबून असलेल्या शिक्षकांची व विद्यार्थ्यांची चूल पेटावयाची कशी, हा प्रश्न उभा राहिला. भाऊराव पुन्हा लोकांपुढे गेले आणि लोकांनी हात आखडला नाही. गाडगे महाराजांनीही संस्थेसाठी आपले वजन खर्च केले, व पुढे अनुदान पूर्ववत सुरू झाले. 1954 साली कऱ्हाडास निघालेल्या महाविद्यालयास संस्थेने त्यांचेच नाव दिले. केवळ सरकारी हुंडीवर ही संस्था चालली असती, तर त्या एका आज्ञेने तिला कुलूप लागले असते.

पथकासाठी साहाय्य शोधणाऱ्या आजच्या शिक्षकानेही हाच क्रम ध्यानी ठेवावा. प्रथम मुलांनी स्वकष्टाने काही मिळवावे. त्याचा पैन् पैचा हिशेब चावडीवर वाचून दाखवावा. मग गावाकडे मुठीएवढेच मागावे, पण ते प्रत्येक घरी मागावे. यानंतर अनुदानाचा अर्ज अवश्य करावा. मिळाले तर तंबू वाढतील. न मिळाले तरी शिबिर भरेल, कारण त्याची शिदोरी गावानेच बांधून दिलेली असेल.