धोटा, मजुरी आणि मत

यंत्रयुग आलं आणि बाई मोकळी झाली, असं पुस्तकवाले एका ओळीत उरकून टाकतात. मधली दीडशे वर्षं गिळतात. दोस्तांनो, ती गिळलेली वर्षंच आपल्या कामाची आहेत. म्हणून इंग्लंडातल्या लँकेशायरचा हिशेब मांडू. तो कापडगिरण्यांचा मुलूख.

आधी सूत घरात निघायचं. बायका-पोरी चरख्यावर कातायच्या, बाप्या मागावर विणायचा. १७३३ साली जॉन के यानं उडता धोटा काढला. विणकाम भराभर होऊ लागलं, सूत पुरेना. मग १७६० नंतर हारग्रीव्ह्जची जेनी आली. एका माणसाच्या हाताखाली एकदम आठ चात्या फिरू लागल्या. १७६९ साली आर्कराइटनं पाण्यावर चालणाऱ्या कताईयंत्राचं पेटंट घेतलं. हे धूड घरात मावणारं नव्हतं. काम घरातून उठलं नि गिरणीत गेलं. मागोमाग बाई गेली, पोरं गेली. ऊन-सावली बघून काम करायचे दिवस संपले. घड्याळ मालकाचं झालं.

यंत्रानं श्रम वाचवले म्हणतात. कुणाचे वाचवले? गिरणीतल्या बाईच्या दिवसाला १२ तासांची हद्द घालायला १८४४ साल उजाडलं. १० तासांचा कायदा १८४७ चा. हे कायदे ज्या पार्लमेंटनं केले, तिथं निवडून देणाऱ्यांत गिरणीतली एकही बाई नव्हती. उलट १८३२ च्या कायद्यानं मतदार म्हंजे पुरुष, असं लिहूनच ठेवलं होतं. दया आली तर तास कमी, नाही आली तर नाही. हक्क नसला की माणूस दुसऱ्याच्या दयेवर जगतो. आपल्याला हे कुणी वेगळं शिकवायला नको.

तरी यंत्रानं एक काम नकळत केलं. बाईच्या हातावर रोकड मजुरी ठेवली. लग्न झालेल्या बाईची मजुरीसुद्धा कायद्यानं नवऱ्याची होती. ती तिची स्वतःची व्हायला १८७० चा कायदा लागला. विणकाम खात्यात बायका इतक्या, की विणकरांच्या युनियनमध्ये त्यांचीच संख्या जास्त. १९०२ साली युनियनचा पुढारी डेव्हिड शॅकल्टन पार्लमेंटात गेला. त्याच्या खर्चाला युनियनची वर्गणी. वर्गणीतला मोठा वाटा बायकांचा. म्हंजे खासदार बाईच्या पैशावर, पण बाईला मत नाही!

हा डाव त्यांनी ओळखला होता. १९०० च्या मे महिन्यात गिरणीकामगार बायकांनी मतासाठी अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात केली. गिरणीच्या फाटकाशी, घरोघर जाऊन. पुढच्या वर्षी २९,३५९ सह्यांचा गठ्ठा घेऊन त्यांच्याच प्रतिनिधी लंडनला गेल्या. त्यात सेलिना कूपर होती, पोरवयात गिरणीत लागलेली. शिकल्या-सवरल्या घरच्या बायकांची नावं इतिहासात ठळक आहेत. या सह्या मात्र कोपऱ्यात पडल्या.

१९१८ साली मत मिळालं, तेही ३० वर्षांवरच्या आणि घर-मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बाईला. महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलेल्या तरण्या पोरी बाहेरच राहिल्या. पुरुषाबरोबरीनं, २१ व्या वर्षी, मत १९२८ ला मिळालं. पण मत हातात येताच घरातलं चित्र हलू लागलं. १९२५ साली विमा भरणाऱ्या कामगाराच्या विधवेला पेन्शन आली. त्याच साली पोरांच्या ताब्यासाठी आईला कोर्टात बापाच्या बरोबरीनं उभं राहता येऊ लागलं. यंत्रानं बाईला घराबाहेर काढलं. घरातला कायदा बदलायला मात्र मत लागलं.

आता धोट्याकडे या. धोट्यात नवी कांडी घातली, की तोंड लावून, ओढून सूत भोकातून बाहेर काढायचं. तोच धोटा अनेकांच्या तोंडी. लँकेशायरमध्ये हा रोगराईचा नि किडलेल्या दातांचा प्रश्न होता. तेच तंत्र मुंबईच्या गिरण्यांत आलं नि जातीचा प्रश्न झाला. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा स्पृश्याच्या तोंडी कसा चालेल? म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्याचं दार आपल्या माणसाला बंद. लोखंडाला जात नव्हती. त्याच्यापुढं उभ्या राहणाऱ्यांना होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगारांची एकी म्हणता, मग हे दार उघडा.

मताचंही तसंच. मुंबई इलाख्यात बाईला मत १९२१ साली मिळालं, पण मालमत्तेच्या अटीवर. आपल्या मायबहिणींकडं कुठली मालमत्ता? सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी मागितलं ते प्रत्येक सज्ञान बाईचं नि पुरुषाचं मत. पुढं संविधानाच्या कलम ३२६ नं ते दिलं. इंग्लंडला १८३२ पासून ९६ वर्षं लागली, इथं एका कलमानं झालं. तरी पहिल्या निवडणुकीच्या यादीतून देशातल्या सुमारे २८ लाख बायका गळाल्या. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं. कायद्यानं मत दिलं, पण घरानं नावच दिलं नव्हतं.

तेव्हा यंत्र आलं की सगळे सुटतील, असं कुणी सांगितलं तर त्याला गटाराच्या तोंडाशी न्या. गटार उपसायचं यंत्र निघून कैक वर्षं झाली. २०१३ साली कायदाही झाला. तरी माणूस आत उतरतो, मरतो. तो कुणाचा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्र कुणासाठी घ्यायचं, हे ज्याच्या हाती सत्ता तो ठरवतो.

म्हणून वस्तीत जा. मतदारयादी उघडा, आया-बहिणींची नावं तपासा. आणि मत मागायला जो दारात येईल, त्याला आधी विचारा: यंत्र कुठंय?