दहा राग, डिस्कोचा ठेका आणि माझी एक चूक

आजचा भाग ही खरं तर एक दुरुस्ती आहे. काही भागांपूर्वी बोलण्याच्या ओघात मी छातीठोकपणे सांगून बसले होते, की अ‍ॅसिड हाऊस हे नाचाचं संगीत शिकागोत नव्हे तर मुंबईत जन्मलं, आणि तेही पाच वर्षं आधी. सांगायला छान वाटतं, ऐकणाऱ्याचीही छाती फुगते. पण ते खरं नाही. आणि त्या दाव्यामुळे एका फार चांगल्या अल्बमवरच अन्याय होतो, असं मला आता वाटायला लागलंय.

अल्बम आहे चरणजीत सिंग यांचा ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. साल १९८२, कंपनी एचएमव्ही. नावात सगळं आलंच: दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका. चरणजीत हे मुंबईच्या हिंदी सिनेमातले वादक. गिटार, बेस गिटार, इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड, जे समोर येईल ते वाजवायचे. आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. म्हणजे ज्यांचं वाजवणं आपण लहानपणापासून ऐकलंय, पण नाव कधी वाचलं नाही, अशांपैकी एक. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला आणि बिद्दूंच्या गाण्यामुळे डिस्को घराघरांत पोचला. त्या लाटेत या माणसाने परदेशातून आणलेली रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं जोडली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रमचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं.

या ३०३ ची गंमत नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला मागे बेस वाजवणारा कुणीतरी हवा, म्हणून ते यंत्र बनवलं होतं. सोळा घरांचा एक साचा असतो. त्यात स्वर भरायचे, की यंत्र तेच फिरवत राहतं. पण त्याचा आवाज खऱ्या बेससारखा अजिबात येत नाही. चिकट, बुडबुडल्यासारखा, जरा नाकात बोलल्यासारखा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोयही त्यात आहे. आपण मींड म्हणतो तिचा हा गरीब चुलतभाऊ म्हणा. गिटारवाल्यांनी नाक मुरडलं, आणि १९८४ मध्ये रोलँडने उत्पादनच बंद केलं.

आता चरणजीत काय करतात? डिस्को गाण्यात साधारणपणे कॉर्ड बदलत जातात आणि बेस त्यांच्या मागे जातो. रागात कॉर्ड नाहीत. एक सा धरला की शेवटपर्यंत तोच. म्हणून ते ३०३ मध्ये रागाचेच स्वर भरतात, साच्याला सा भोवती घुमत ठेवतात, आणि वर ज्युपिटरवर हाताने राग वाजवतात. थोडक्यात, त्या यंत्राला त्यांनी तानपुऱ्याच्या जागी बसवलं. फक्त हा तानपुरा नाचतो.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं. तेच यंत्र, तोच न बदलणारा आधारस्वर. साम्य एवढं की मी फसले, यात माझा फार दोष नाही! पण शिकागोच्या पोरांनी चरणजीत यांचा रेकॉर्ड ऐकल्याचा कसलाही पुरावा नाही. त्यांच्या हाती आलं ते कुणीतरी काढून टाकलेलं, स्वस्तातलं सेकंड हँड ३०३. वाजवायचं कसं हे धड माहीत नव्हतं, म्हणून बटणं पिळत बसले, आणि त्या पिळण्यातूनच नवा आवाज निघाला. चरणजीत यांच्याकडे बटणं पिळणं कमी आणि राग जास्त. दोघांचं यंत्र एक, पण काम वेगळं.

त्या शिकागोच्या गाण्याचा एक किस्सा सांगतात. रॉन हार्डी नावाच्या डीजेने म्युझिक बॉक्स क्लबमध्ये ते पहिल्यांदा लावलं तेव्हा लोक नाचायचे थांबले. त्याने त्याच रात्री ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. चौथ्या वेळी लोक वेडे झाले.

माझा मुद्दा या चौथ्या वेळेपाशीच येतो. मुंबईत चौथ्यांदा लावणारा कुणी नव्हता. तेव्हा आपल्याकडे आयातीवर इतकी बंधनं आणि जकात, की असली यंत्रं सिनेमाच्या धंद्यातल्या मोजक्या वादकांकडेच असणार. टाकून दिलेलं ३०३ गल्लीतल्या पोराच्या हाती लागायचं, तर आधी ते कुणीतरी विकत घेऊन कंटाळायला हवं ना! जुना माल फिरायला लागल्याशिवाय असल्या संगीताभोवती मंडळी जमत नाहीत.

हे आपल्याकडे त्याआधीही एकदा झालं होतं. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. त्यामागे गीता साराभाई यांचा हात होता. त्या स्वतः पखवाज वाजवायच्या, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना त्यांनी भारतीय संगीत शिकवलं होतं. त्या स्टुडिओत तीनेक वर्षं विलक्षण कामं झाली. पण एक यंत्र, एक खोली, बाहेर कुणाला पत्ता नाही. टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या कलाकाराने त्या शोधल्या, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ हा अल्बम निघाला. तोही ऐकाच, पण आधी सांगते, तिथे ठेका शोधू नका. बराचसा भाग म्हणजे माणसं यंत्राशी ओळख करून घेतायत.

चरणजीत यांचा रेकॉर्डही असाच पडून होता. एदो बाउमन या डच संग्राहकाला तो २००२ मध्ये दिल्लीत सापडला आणि २०१० मध्ये त्यांनी पुन्हा काढला. तेव्हा काहींना तर संशय आला, की आजच्याच कुणीतरी जुन्याचा आव आणून हे बनवलंय. तसं नव्हतं. सत्तरी ओलांडलेले चरणजीत मग युरोपात जाऊन हे राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले.

अग्रदूत वगैरे विसरून तो ऐकला की काही वेगळंच दिसायला लागतं. रागांचा क्रमच बघा. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती. मग दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. भूप तेवढा मध्येच घुसलाय आणि मेघ पावसाळ्याचा, पण बाकी पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, मध्यरात्र आणि परत पहाट. डिस्को म्हणजे रात्रीचं काम, आणि हा माणूस त्यात आठही प्रहर बसवून देतो. मुद्दाम केलं की सहज झालं, देव जाणे. मला मुद्दाम वाटतं.

त्रुटी आहेत. की-बोर्डचे स्वर ठाम असतात, त्यामुळे भैरवातल्या रिषभाचं आंदोलन आणि तोडीच्या गंधाराची ती उतरलेली जागा मिळत नाही. शास्त्रीयवाले कान इथे कुरकुरतील, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून सुरुवात तोडीने करू नका. कलावती लावा, पाचच स्वर, तेही मोकळे, यंत्राला झेपणारे. मग भैरव. हेडफोन लावून आधी फक्त खालच्या ३०३ कडे कान द्या. आणि नाही आवडलं, तर त्याच रात्री अजून तीनदा लावा.