उमेदवाराला विचारा: सभागृहात हात कोणाच्या बाजूने?

साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेची निवडणूक आली की उमेदवार वस्तीत येतात, जयभीम घालतात, रस्ता-गटारीचे आश्वासन देतात. पण सभागृहात हात कोणाच्या बाजूने वर करणार, हे आपण विचारतो का?

इतिहास काय सांगतो? १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह ते पाणी प्यायले. ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. तळे तेच, पाणी तेच. फिरले ते सभासदांचे मत. त्याची किंमत समाजाने दहा वर्षे मोजली.

आज प्रश्न निधीचा आहे. जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नातील २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. म्हणून दारात येणाऱ्या प्रत्येकाला, राखीव जागेवरच्या आपल्या माणसालाही विचारा: हा निधी किती जमला? कुठे गेला? वळवला जात असेल तर सभेत विरोध नोंदवाल का?

उत्तर लिहून घ्या. मत त्यानंतर.

जयभीम!