जुन्या मोटारींतला ब्लोअर

1999 साली कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन संपत आले होते. या गाडीत वाऱ्यासाठी मुख्य आधार पुढच्या दाराच्या तिकोनी काचेचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो अपुराच. 1983 साली आलेल्या मारुती 800 च्या वातानुकूलित आवृत्तीने ब्लोअर सामान्य घरांपर्यंत नेला.

जुना ब्लोअर बंद पडला की आधी फ्यूज, मग अर्थिंग तपासतात. टपली मारताच पंखा फिरला, तर बहुधा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. केवळ सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर दोष बहुधा रेझिस्टरचा. त्या वेगाला वीज त्याला वगळून थेट मोटरकडे जाते. अशा वेळी चांगली मोटर बदलणे हा निव्वळ अपव्यय.