किन्हवलीची वेलांटी आणि डीएलएलचं दार

शहापूर तालुक्यात किन्हवली आणि खर्डी, शेजारच्या मुरबाडात म्हसा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिन्ही नावं त्रासदायक. (खुद्द शहापूर आणि मुरबाड मात्र सरळ, एकही जोडाक्षर नाही!) 'किन्हवली' साठवली जाते ८ कोडांत, आधी क आणि मग पहिली वेलांटी. स्क्रीनवर वेलांटी क च्या आधी हवी आणि न अर्धा हवा. खर्डीचा रफार तर स्वतःची जागा सोडून डी च्या डोक्यावर जाऊन बसतो. ही जुळणी करायला एक वेगळी लायब्ररी असते.

विंडोजवर ती युनिस्क्राइब, म्हणजे यूएसपी१०.डीएलएल. विंडोज २००० पासून मंगल फॉन्ट आणि मराठी आली, पण एक्सपीमध्ये सीडी घालून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करावी लागायची. आठवतंय ना? लिनक्सकडे फ्रीटाइप प्रकल्पातला कोड होता. पँगो आणि क्यूटी या दोघांनी त्याच्या प्रती घेतल्या आणि त्या आपापल्या वाटेने वाढल्या. त्या एकत्र आणण्याच्या खटपटीतून हार्फबझ जन्मलं. बेहदाद एस्फाबोद यांनी ते नव्याने लिहिलं, १.० आवृत्ती २०१५ ची. नाव फारसी: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. थोडक्यात 'ओपनटाइप'.

आता मंडळी, खरी गंमत. अशी लायब्ररी शेकडो प्रोग्रॅम वापरणार, तर तिच्यातलं कोणतं फंक्शन बाहेरच्यांनी हाक मारावं असं आहे, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. एसटी डेपोत गाड्या पुष्कळ असतात, पण फलकावर लागली तीच प्रवाशाची. सीमध्ये या फलकाचा नियमच नाही. भाषेच्या स्टँडर्डला शेअर्ड लायब्ररी हा प्रकारच ठाऊक नाही, त्यामुळे प्रत्येक कंपायलरने आपला कारभार केला.

युनिक्सवर 'स्टॅटिक' नसलेलं सगळं आपोआप फलकावर. विंडोजवर उलट: डेफ फाइलमध्ये नाव द्या किंवा 'डेक्लस्पेक डीएलएलएक्स्पोर्ट' लिहा, नाहीतर काहीच बाहेर नाही. सनच्या कंपायलरचे शब्द तिसरेच. युनिक्सवाले विंडोजला कितीही हसोत, इथे मला विंडोजचंच बरोबर वाटतं. सगळं उघडं ठेवलं की कुणीतरी तुमचं आतलं फंक्शन वापरायला लागतं, मग ते बदलताच येत नाही. शिवाय दोन लायब्ररींत एकच नाव असेल तर लिनक्सवर आधी सापडलेलं जिंकतं, आणि दुसरी लायब्ररी नकळत परक्याचा कोड चालवते. असला बग शोधताना रात्री जातात! जीसीसीला 'सगळं झाका, सांगितलं तेवढंच दाखवा' हा स्विच मिळाला ४.० मध्ये, २००५ साली. तेव्हापासून प्रत्येक लायब्ररीच्या हेडरमध्ये तो एक कुरूप मॅक्रो दिसतो, कंपायलर ओळखून योग्य शब्द घालणारा.

सी++ असेल तर आणखी एक भानगड. कंपायलर फंक्शनच्या नावात प्रकारांची माहिती कोंबतो. मायक्रोसॉफ्टचं नाव प्रश्नचिन्हाने सुरू होतं, जीसीसीचं अंडरस्कोर-झेडने. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. हार्फबझ आतून सी++ आहे, पण बाहेर साध्या सीचा चेहरा. आतली फंक्शन्स 'हिडन', बाहेरच्या प्रत्येक नावाला 'एचबी' उपसर्ग, आणि विंडोजसाठीची डेफ फाइल हेडर वाचून एक स्क्रिप्ट बनवते. उपसर्गाविना एखादं नाव चुकून बाहेर पडलं, तर टेस्टच नापास होते. मला या प्रकल्पातली ही टेस्ट सगळ्यात आवडते. छोटासा कोड, पण रोज पहाऱ्यावर.

फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड हेच हार्फबझ वापरतात. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून विंडोज, मॅक आणि लिनक्सवरची वेगवेगळी जुळणी काढून तिन्हीकडे तेच बसवलं. फॉन्ट धड असेल तर किन्हवलीची वेलांटी आता तिन्हीकडे एकाच कोडने जागेवर येते.