चौसष्ट दिवसांचा एकांतवास : एचआयव्ही, स्पर्शाचे भय आणि गोव्यातील एक खटला

#धागा #इतिहास

१/ १४ फेब्रुवारी १९८९. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. तो नियमित रक्तदान करीत असे. त्याच्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला, एवढेच कारण.

२/ म्हापशातील एका ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला पहाऱ्यात एकटे ठेवण्यात आले. हा एकांतवास ६४ दिवस चालला. तो माणसांत वावरला तर इतरांना लागण होईल, ही त्यामागील धारणा. ही धारणा आली कोठून? आणि १९८९ साली विज्ञानाला काय ठाऊक होते?

३/ एड्सचे पहिले रुग्ण जून १९८१ मध्ये अमेरिकेत नोंदले गेले. तेव्हा रोगाचे कारण अज्ञात होते. मे १९८३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात न्यूअर्क शहरातील काही बालरुग्णांविषयी लेख आला. मुलांना हा रोग कसा झाला, हे कोडे होते.

४/ त्याच अंकातील संपादकीयात डॉ. अँथनी फाउची यांनी एक शक्यता मांडली : कुटुंबातील नित्याच्या निकट संपर्कातूनही रोग पसरत असेल काय? तो केवळ तर्क होता. वृत्तपत्रांनी मात्र त्याला बातमीचे रूप दिले आणि घरोघरी भय पोहोचले. मुलांना लागण प्रामुख्याने आईकडून, गर्भावस्थेत वा जन्माच्या वेळी होते, हे नंतर स्पष्ट झाले.

५/ अवघ्या चार महिन्यांत, सप्टेंबर १९८३ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रोगप्रसाराचे मुख्य मार्ग जाहीर केले. नित्याचा संपर्क, अन्न, पाणी, हवा आणि वस्तूंचे पृष्ठभाग त्यातून वगळले. पण निरसनाला भयाचा वेग कधीच नसतो.

६/ सर्वांत बोलका पुरावा फेब्रुवारी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमध्ये डॉ. जेरल्ड फ्रीडलँड आणि सहकाऱ्यांनी ३९ एड्सग्रस्तांच्या घरांतील १०१ माणसे तपासली. ही बहुतांशी गरीब, दाटीवाटीची घरे. ताटे, पेले, टॉवेल, शौचालय सारे सामाईक. बाधित आढळले एकच मूल, आणि त्याला ती लागण बहुधा जन्माच्या वेळीच आईकडून झालेली होती.

७/ असे का? हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही. अखंड त्वचेतून आत शिरत नाही. डासाच्या शरीरात तो वाढत नाही, पचून जातो. धोका असतो तो असुरक्षित संभोगात, दूषित सुईत, न तपासलेल्या रक्तात. हस्तांदोलनात नव्हे.

८/ तरीही १९८५ साली इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या तेरा वर्षांच्या मुलाला शाळेने प्रवेश नाकारला. हिमोफिलियावरील औषधातून त्याला लागण झाली होती. काही काळ तो दूरध्वनीवरून वर्ग ऐकत असे. खटला जिंकून तो परतला, तेव्हा त्याला स्वतंत्र स्वच्छतागृह आणि वापरून फेकायची भांडी देण्यात आली. अखेर कुटुंबाने गावच सोडले.

९/ भारतात १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून पहिले बाधित उजेडात आले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. पुढे त्यांनी वडिलांच्या नावे, म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावे, एड्स संशोधन केंद्र उभारले.

१०/ शासनाच्या हाती मात्र जुनाच नमुना होता. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये रँडच्या पथकांनी रुग्ण आणि आप्त छावण्यांत हलवले, हे आपण जाणतो. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातही बाधिताला अलग ठेवण्याची तरतूद घालण्यात आली. जो रोग शेजारी राहून होत नाही, त्यावर साथीच्या रोगाचा उपाय योजला गेला.

११/ डॉमिनिकची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. वकील होते आनंद ग्रोव्हर. एप्रिल १९८९ मध्ये अंतरिम आदेशाने डॉमिनिक सुटला. पण डिसेंबरच्या निकालात न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली : व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला, तर समाजाचे हित श्रेष्ठ.

१२/ या युक्तिवादाचा पायाच कच्चा होता. असा संघर्ष मानायचा, तर डॉमिनिकच्या मोकळे राहण्याने समाजाला धोका असायला हवा. तो नव्हता, आणि हे तीन वर्षांपूर्वीच छापून आले होते. उलट, तपासणीनंतर कोंडले जाणार असेल, तर तपासणीला कोण येईल? विलगीकरणाने रोग रोखला जात नाही, दडवला जातो.

१३/ डॉमिनिकने १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे निधन झाले. ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) या चित्रपटाची प्रेरणा त्याचेच आयुष्य.

१४/ १० सप्टेंबर २०१८ रोजी २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा देशभर लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार यांतील भेदभाव त्याने निषिद्ध ठरवला. बाधिताला अलग काढणेही.

१५/ मराठीत आपण ‘संसर्गजन्य’ आणि ‘स्पर्शजन्य’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. एचआयव्ही संसर्गजन्य आहे, स्पर्शजन्य नाही. हा भेद १९८३ पासून ज्ञात आहे. तरीही कुणाचा पेला आजही वेगळा ठेवला जात असेल, तर त्या घरात म्हापशाचे ते रुग्णालय अजून चालू आहे.